बावीस इंच

मास्टरने कोटाच्या खिशातून टेप काढला, शोरूमच्या चकचकीत फरशीवर एक गुडघा टेकला आणि सेडानच्या पुढच्या सीटवरची शिवण मापायला घेतली. शेजारी उभ्या असलेल्या विक्रेत्या मुलीला आजवर गाडीची लांबी विचारणारे भेटले होते, एका चार्जमध्ये किती जाते हे तर सगळेच विचारत. टाके मोजणारं गिऱ्हाईक पहिलंच.

“इंचाला सहा,” मास्टर म्हणाला. “आमच्याकडे इंचाला सहा टाके घातले तर कारागिराला घरी बसवतात.”

“सर, लेदर आहे हे. त्याला टाका मोठाच—”

“लेदर असो नाहीतर लोकर. शिवण ती शिवण.”

असं म्हटलं तरी त्याचा हात काही सीटवरून निघत नव्हता. गाडी काळी, लांबलचक आणि अंगाने बुटकी होती. छत काचेचं, दाराच्या मुठी आत दडलेल्या, आणि सीटमध्ये पाठ रगडून द्यायची सोय. मुलीने एक कळ दाबून दाखवली तेव्हा मास्टरच्या पाठीखाली काहीतरी हळूच सरकलं आणि तो दचकून पुढे झाला. मग पुन्हा टेकून बसला.

“डॉक्टरांच्या गाडीत हे नाही ना?” त्याने विचारलं.

मुलीला कोण डॉक्टर ते कळायचं कारण नव्हतं. तिने शहाणपणाने मान हलवली.

“नानांना बसता येईल का हिच्यात, ते बघा आधी,” बायको मागून म्हणाली. ती केव्हाच दोन गाड्या पलीकडच्या उंच क्रॉसओव्हरमध्ये जाऊन बसली होती. पर्स मांडीवर, पाठ ताठ, बस सुटायची वाट बघत असल्यासारखी. “ही बघा की. पाय न दुमडता बसले मी.”

“पोट सुटलेल्या माणसासारखी दिसते ती.”

“तुम्ही गाडी बघायला आलात का नवरी?”

“डॉक्टरांच्या गाडीत बसतात ना नाना? मग हिच्यात न बसायला काय झालं?”

बायकोने क्रॉसओव्हरचं मागचं दार उघडलं आणि तिथे कापडाचे किती ताके मावतील याचा अंदाज घ्यायला लागली.

डॉक्टर म्हणजे मास्टरचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. आठ महिन्यांपूर्वी त्याने याच कंपनीची विजेवर चालणारी सेडान घेतली होती. मास्टरने निवडलेली तिच्यापेक्षा एक इयत्ता वरची. मास्टरची जुनी गाडी अजून धड होती, वर्ष-दोन वर्षं सहज चालली असती. पण आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी डॉक्टर नवी गाडी घेऊन दुकानासमोर आला, नाना खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “वा!”

एवढंच. एका अक्षराचा तो शब्द मास्टरच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला तो अजून निघाला नव्हता.

नाना म्हणजे त्याचे सासरे आणि त्याचे गुरूही. सूट-कोट शिवायचं दुकान त्यांनीच उभारलेलं. मास्टर एकोणिसाव्या वर्षी तिथे काज-बटणाला लागला, कात्री हातात यायला चार वर्षं लागली, पुढे नानांची थोरली मुलगी त्याला दिली आणि दुकानावरच्या खोल्यांत संसार थाटला. घरजावई हा शब्द त्याच्यासमोर कधी कोणी उच्चारला नव्हता. म्हणूनच की काय, तो त्याला दिवसातून दोनदा ऐकू येई. सत्तावीस वर्षांत त्याने शिवलेल्या एकाही कोटाला नानांनी ‘वा’ म्हटलं नव्हतं. फार तर “ठीक आहे”. तेसुद्धा ट्रायल संपल्यावर, पाठ फिरवून.

“गुरुवारी येतो,” मास्टर मुलीला म्हणाला. “हीच घेणार. एकदा चालवून बघतो आणि बुक करतो.”

बायको क्रॉसओव्हरचं दार लावत होती. तिने ते जरा जास्तच जोरात लावलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत कटिंगचं टेबल होतं आणि टेबलाजवळ नानांचं स्टूल. त्याला पाठ नव्हती, हात नव्हते. लाकूड बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. नानांनी कात्री खाली ठेवून दहा वर्षं झाली होती, तरी सकाळी नऊला ते खाली येत, स्टुलावर बसत आणि गळ्यात टेप घालून दुकान बघत. अलीकडे गुडघे आणि कंबर दोन्ही कुरकुरत. जिना उतरायला वेळ लागे. पण त्या स्टुलावरून मात्र ते कशालाही हात न लावता उठत. घरातल्या कुठल्याच खुर्चीवरून तसं उठता येत नसे.

गळ्यातल्या टेपाचं एक होतं. गिऱ्हाईक ट्रायलला आरशासमोर उभं राहिलं की नाना त्याच्याभोवती फिरत, तोंडातून शब्द काढत नसत. जोवर कपड्यात काही खुपत असे तोवर टेप गळ्यात. खांदा बसला, पाठ बसली, कुठे ओढ राहिली नाही, की नाना टेप काढत, दोन बोटांवर गुंडाळत आणि खिशात टाकत. कारागीर तोंडाकडे बघत नसत, टेपाकडे बघत. टेप खिशात गेला की कच्चे टाके काढायला घेत. आता ट्रायल मास्टर बघे, त्यामुळे तो टेप दिवसभर नानांच्या गळ्यातच असे. इतका, की तो तिथे आहे हेही कोणाच्या लक्षात येत नसे.

बुधवारी सकाळी दुरुस्तीच्या कपड्यांची पिशवी मास्टरने टेबलावर उलटी केली. वर नानांची राखाडी पँट होती. बैठकीची शिवण पुन्हा उसवलेली.

“चौथ्यांदा,” तो कारागिराला म्हणाला. “रविवारी डॉक्टर बागेत नेतात, तिथे काय खायला घालतात कोण जाणे. वजन वाढलंय नानांचं.”

“मला तर उतरलेले वाटतात,” कारागीर म्हणाला.

नानांच्या कपड्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा मास्टरचा नियम होता. त्याने स्वतः शिवण उसवून पुन्हा घातली, दुहेरी. पिशवीत खाली डॉक्टरचे दोन शर्ट निघाले. दोन्ही काखेत फाटलेले, दोन्ही बाजूंनी. हेही गेले काही महिने चालू होतं. धाकटी बहीण ते नानांबरोबर रविवारी पाठवून देई. शर्ट मास्टरनेच कापलेले, त्यामुळे काखेतली शिवण जाणं त्याला वैयक्तिक अपमानासारखं लागे.

“दात उपटायला एवढा जोर लागतो का?” त्याने शर्ट उजेडात धरला. “सुखाने अंग सुटलंय माणसाचं, दुसरं काय.”

कारागीर हसला. नाना स्टुलावर बसून खिडकीबाहेर बघत होते.

“नाना, उठा जरा. मापं घेतो.”

“आत्ता कशाला?”

“पँट टिकत नाहीये. वहीतलं माप जुनं झालं असेल.”

नाना उठले आणि आरशासमोर उभे राहिले. मास्टरने टेप त्यांच्या कमरेभोवती धरला आणि पुन्हा एकदा धरून बघितला. कंबर वहीतल्यापेक्षा दीड इंच कमी होती. बैठकही इंचभर कमी. ढगळ पँटची शिवण उसवते कशी? त्याने खडूने टेबलावर आकडे लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

“काय म्हणते वही?” नानांनी विचारलं.

“काही नाही. ठीक आहे.”

“रविवारच्या आत दे पँट. डॉक्टर दहाला येतात.”

डॉक्टर येतात. मास्टरला ते ‘तू’ म्हणत, पहिल्या दिवसापासून. शिकायला आलेल्या पोराला म्हणायचं ते जावई झाल्यावरही तसंच राहिलं, आणि मास्टरला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. डॉक्टर घरात येईपर्यंत. डॉक्टर मात्र ‘तुम्ही’. तळ्याकाठच्या बागेत नानांचे तीन जुने दोस्त रविवारी पत्ते कुटायला जमत. पूर्वी मास्टर त्यांना कधीमधी सोडून येई, पण रविवार म्हणजे ट्रायलचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. डॉक्टरचा दवाखाना रविवारी बंद. वर्षाला तीनशे पासष्ट दिवस नानांच्या गोळ्या, नानांचे गुडघे, नानांचा राग सांभाळायचा कोणी, आणि ‘वा’ कोणाला, तर आठवड्यातून तीन तास येणाऱ्याला. मास्टरने हे बायकोला एकदा बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, “तुम्ही त्यांना तराजूत घालून बघू नका हो.”

रविवारी दहा वाजता मास्टर मुद्दाम वरच्या खोलीत जाई. काहीतरी विसरलंय असं सांगून. खिडकीतून त्याला गाडीचं छत दिसे आणि दारात वाकलेला डॉक्टर. नाना बसल्यावरही तो तसाच कितीतरी वेळ वाकलेला असे. काय कानगोष्टी चालत कोण जाणे. पट्टा लावून देत असेल, उशी सरकवत असेल. लाडीगोडी नुसती. एकच्या सुमाराला गाडी परत येई तेव्हा मास्टर मागच्या खोलीत शिलाईचं मशीन जोरात चालू ठेवी. त्या गाडीला आवाज नाही, मशीनला आहे, एवढं एक समाधान.

धाकट्या बहिणीने एकदा फोटो पाठवला होता. नाना गाडीत पुढच्या सीटवर बसलेले, हसत. मास्टरने तो इतक्या वेळा उघडला होता की बायकोने एकदा विचारलं, “पाठ करताय का?”

गुरुवारी तो एकटाच शोरूमला गेला. नवी पँट घालून, स्वतःच्या हातची, अंगाबरोबर कापलेली. सेडान चालवायची म्हणजे तसंच जायला हवं.

गाडी चालवताना त्याला दोनदा वाटलं की बंद पडलीये. हातातलं मशीन मुकं झालं की काहीतरी अडलंय, हे त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं की त्या शांततेने त्याला घाम फुटला. मुलगी शेजारी बसून गाडीची तारीफ करत होती, तो ऐकत नव्हता. त्याला दिसत होता तो रविवार. दुकानासमोर ही काळी गाडी. नाना खाली येतात, एक फेरी मारतात. डॉक्टर आपली गाडी घेऊन येतो आणि कुठे लावावी ते त्याला कळत नाही. बस, एवढंच त्याला हवं होतं. एक ‘वा’, आणि तो ऐकायला डॉक्टर हजर.

परत आल्यावर त्याने दार उघडलं. डावा पाय आत, उजवा बाहेर फरशीवर, आणि बूड खाली खोलगट सीटमध्ये रुतलेलं. त्याने जोर लावला. उठला नाही. दाराच्या चौकटीला धरून पाय आणखी फाकवला आणि पुन्हा जोर लावला.

टर्रकन आवाज झाला. गाडी मुकी असल्यामुळे तो सगळ्या शोरूममध्ये ऐकू गेला.

मुलगी शहाणी होती. ती पलीकडच्या गाडीवरची नसलेली धूळ बघायला लागली. मास्टर अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच थांबला होता. त्याने हात मागे नेऊन चाचपलं. बैठकीची शिवण, मांड्यांच्या मधोमध. खालून वर गेलेली. जागा तीच, रोखही तोच. चार वेळा त्याने स्वतःच्या हाताने ती शिवण घातली होती आणि चारही वेळा तिने त्याला जे सांगितलं ते त्याने ऐकलं नव्हतं.

नाना डॉक्टरच्या गाडीतून उठू शकत नव्हते. वजन वाढलं नव्हतं की कापड जुनं झालं नव्हतं. दर रविवारी ते त्या खड्ड्यातून असेच फाकलेल्या पायांनी, चौकटीला धरून वर येत होते. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. आणि वरून ‘वा’ म्हणत होते.

मास्टरला आधी नानांची दया आली. ती फार वेळ टिकली नाही. तिच्यामागोमाग एक आनंद आला, आणि असला आनंद चांगल्या माणसाला होत नाही हे कळत असूनही तो झाला. मोठा आला डॉक्टर! लाखोंची गाडी घेतली आणि सासऱ्याला बसता येतं का ते बघितलं नाही. माप न घेता कपडा कापला.

त्याने कोट काढून कमरेला बांधला आणि क्रॉसओव्हरकडे चालत गेला. या वेळी त्याने टाके मोजले नाहीत. टेप सीटच्या कडेला लावून जमिनीपर्यंत सोडला. बावीस इंच. त्याने परत मापलं. मग सेडानकडे जाऊन तिचं घेतलं. साडेसोळा.

“बावीस,” तो मुलीला म्हणाला. “आमच्या स्टुलाची उंची बावीस आहे.”

“सर?”

“ही द्या. पोटवाली. शनिवारच्या आत मिळेल का?”

“रंग बघता का आधी?”

“कुठलाही द्या. काळा नको.”

घरी बायकोने कमरेचा कोट बघितला, पँट बघितली आणि पदर तोंडाला लावला. हसून झाल्यावर म्हणाली, “घेतलीत ना शेवटी माझीच?”

“नानांना डॉक्टरच्या गाडीतून उतरता येत नाही, हे तुला माहीत होतं?”

“दर रविवारी दारात मीच असते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगायला घेतलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरचं नाव काढू नकोस. आता ऐका तरी. ते बिचारे दर वेळी—”

“कळलं, कळलं,” मास्टर म्हणाला आणि चार्जिंगचा प्लग दुकानाच्या कुठल्या भिंतीला बसवायचा ते बघायला निघून गेला.

रविवारी साडेनऊला नवी गाडी दुकानासमोर उभी होती. ढगाळ निळा रंग मिळाला होता. मास्टरने त्या दिवशीच्या दोन ट्रायल पुढे ढकलल्या होत्या, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. कारागीर दारात उभे होते. बायको पायरीवर.

नाना खाली आले. राखाडी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात टेप. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि तिच्याभोवती एक फेरी मारली, आरशासमोरच्या गिऱ्हाइकाभोवती मारावी तशी. तोंडातून शब्द नाही. मग त्यांनी स्वतः दार उघडलं, पाठ फिरवली आणि बसले. पाय एकामागून एक आत घेतले. थोडा वेळ समोर बघितलं. पाय बाहेर काढले आणि कशालाही हात न लावता उठून उभे राहिले.

बायकोने डोळे पुसले. मास्टर नानांच्या तोंडाकडे बघत होता.

“ठीक आहे,” नाना म्हणाले आणि पाठ फिरवून पुन्हा बसले.

मास्टरला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ठीक आहे. डॉक्टरच्या त्या खड्ड्याला ‘वा’, आणि याला ठीक आहे. टेपसुद्धा गळ्यात तसाच. त्याच्या मनात आलं, सेडानच घ्यायला हवी होती. उठता येवो न येवो. यांना कौतुक चकाकीचंच. त्याचे कान तापले होते. दार लावून निघून जावं असं वाटत असतानाच डॉक्टरची गाडी आवाज न करता मागे येऊन थांबली. दहाला पाच कमी होते.

डॉक्टर उतरला. उंच, सडपातळ माणूस. सुखाने अंग सुटल्याची खूण कुठेच नव्हती. निळी गाडी त्याने बघितली की नाही कोण जाणे. त्याला आधी दिसले ते गाडीत बसलेले नाना, आणि तो सवयीने भराभर त्यांच्याकडे आला, गुडघ्यात वाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

“थांबा नाना, घाई करू नका. मी धरतो. एक, दोन—”

हात नानांच्या काखेखाली जायला निघाले तसा डॉक्टरचा शर्ट वर ताणला गेला. मास्टर बाजूला उभा होता. त्याला काखेतली शिवण दिसली. मागच्याच महिन्यात त्याने घातलेली, दुहेरी. पुन्हा बोटभर उसवली होती.

“आज लागणार नाही, डॉक्टर,” नाना म्हणाले. “बघा.”

आणि ते उठून उभे राहिले. बसले. पुन्हा उठले. नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखे.

डॉक्टरचे हात तसेच हवेत राहिले होते. तोलायला काही नसलेले. मग त्याने ते खाली घेतले, काय करावं ते न सुचून एकमेकांवर चोळले आणि मागे बांधले.

“वा,” तो म्हणाला. “वा, दादा. फारच छान केलंत. मला हे सुचायला हवं होतं. मी नुसती गाडी बघितली.”

दोन ‘वा’. आठ महिने मास्टर ज्याच्यासाठी तळमळत होता ते एकाच्या जागी दोन मिळाले, भलत्या तोंडातून. आणि त्या तोंडावर जे होतं ते मास्टरला बघताक्षणी ओळखू आलं. ओठ हसत होते. डोळे नानांच्या सीटवर, त्या मोकळ्या, उंच सीटवर होते. दाढी करताना आठ महिने तो आरशात हाच चेहरा बघत आला होता.

“मग मी येतो,” डॉक्टर म्हणाला. “तुम्ही जा नाना दादांबरोबर. माझंही दवाखान्यात थोडं काम आहेच.”

रविवारी दवाखाना बंद असतो हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. कारागिरांनाही. डॉक्टर आपल्या काळ्या गाडीकडे वळला. चालताना त्याने एकदा कंबर दाबली.

मास्टरला वरची खिडकी आठवली. छत, दार, दारात वाकलेला माणूस. कानगोष्टी! तीन तासांसाठी येणारा माणूस आठ महिने, दर रविवारी चार वेळा, एक माणूस उचलून ठेवत होता आणि कोणाला बोलला नव्हता. शर्ट बोलत होते. ते मास्टरच्याच टेबलावर पडून होते. तो काय म्हणाला होता त्यावर? दात उपटायला एवढा जोर.

“डॉक्टर, थांबा,” तो म्हणाला.

पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. खिशात हात घातला तर किल्ली लागली. एवढीशी, गुळगुळीत, कालच हातात आलेली. ती द्यावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. तरी त्याने ती पुढे केली.

“तुम्ही चालवा. मला अजून सवय नाही. बंद पडल्यासारखी वाटते.”

“नको, नको. तुमची नवीन गाडी—”

“आधी हात वर करा.”

“अं?”

“हात वर. काखेत गेलीये शिवण. असे चारचौघांत पत्ते खेळायला बसणार का? नाव माझं खराब होतं.”

डॉक्टरने हात वर केला. मास्टरच्या कोटाच्या कॉलरमागे सुई-दोरा कायम खोचलेला असे. त्याने तिथेच, रस्त्यावर, डॉक्टरच्या बगलेशी तोंड नेऊन टाके घालायला घेतले. छोटे, इंचाला बारा. इतक्या जवळून त्याने या माणसाला कधी बघितलं नव्हतं. कानाजवळ केस पिकायला लागले होते.

“दुखतं का फार?” त्याने खालच्या आवाजात विचारलं. “कंबर.”

“नाही हो. थोडंसं.”

“पुढच्या शर्टांना काखेत कळी घालून देतो. हात मोकळा राहील.”

“आता काय गरज, दादा? आता ते आपले आपण उठतात.”

मास्टरने दोरा दाताने तोडला. “दुसरा हात.”

दुसऱ्या बाजूची शिवणही त्याने घातली. घाई केली नाही. नाना गाडीच्या उघड्या दारातून बघत होते. डॉक्टरने हात खाली घेतला, खांदे हलवून पाहिले आणि किल्ली घेतली.

“तू काय तिथे उभा राहिलास?” नाना मास्टरला म्हणाले. “मागे बस. दहा वाजून गेले. तिघं वाट बघत असतील माझी.”

मास्टर आपल्या नव्या गाडीत मागच्या सीटवर बसला. पायरीवरून बायकोने हात केला. डॉक्टर सीट पुढेमागे करत होता, आरसा लावत होता, “या बटणाने काय होतं हो नाना?” असं विचारत होता, आणि नाना त्याला काहीतरी चुकीचं सांगत होते. पुढच्या सीटवर ते दोघं होते. मास्टरला ते जुनं पुन्हा खुपलं. ते एका सकाळीत जाणारं नव्हतंच.

गाडी निघाली. मास्टरच्या समोर नानांची मान होती, पातळ झालेली, सुरकुतलेली. शर्टची कॉलर त्यानेच कापलेली होती आणि ती नीट बसली होती. मानेवर टेप नव्हता.

तो त्यांनी केव्हा काढला, हे मास्टरने बघितलंच नव्हतं.